टिकलीखालची जागा

सकाळी आरशासमोर उभी राहिले की मी आधी टिकली लावायची, मग चष्मा. चष्म्याशिवाय मला माझंच तोंड धड दिसत नाही, तरी हा क्रम मी पंधरा-सोळा वर्षं मोडला नाही. दिसू नये म्हणूनच तो होता. टिकलीखाली एक पांढरा डाग होता, आणि माझ्याशिवाय तो फक्त आमच्या ह्यांना माहीत होता.

आता सांगून टाकते. लपवायलाही अंगात ताकद लागते हो, आणि माझी संपत आली आहे.

आम्ही मूळचे अमरावतीकडचे. हे रेल्वेच्या संशोधन ऑफिसात लागले, पेंटच्या लॅबमध्ये. डब्यांना जो रंग देतात तो किती वर्षं टिकतो, उन्हानं कसा फुटतो, हे तपासायचं काम. लग्न होऊन मी लखनऊला मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले तेव्हा माझ्याजवळ कुंकवाची डबी होती आणि मेणाची डबी होती. बोटानं मेण लावायचं, वर कुंकू. लखनऊच्या उन्हात दुपारपर्यंत ते मेण वितळून नाकावर यायचं. शेजारणी हसायच्या. मग कुणीतरी पाकिटातली चिकटवायची टिकली दिली आणि मी सुटले. दीक्षा घेतलेल्या घरातली मी, बाकी सगळे रीतिरिवाज आमच्या आईबापांनीच सोडलेले, पण टिकली काही सुटली नाही. कपाळ मोकळं बघायची सवयच नव्हती.

एक टिकली मी चार-चार, पाच-पाच दिवस वापरायची. आंघोळीच्या वेळी आरशाच्या कडेला चिकटवायची, आंघोळ झाली की परत कपाळावर. झोपतानाही काढत नव्हते. एकदा अशीच काढली तर खाली मुगाच्या दाण्याएवढं पांढरं. मला वाटलं साबण राहिला. पुसलं, तर ते तसंच.

मग मी काय केलं, तर एक नंबर मोठी टिकली आणली. दोन वर्षांनी तिच्या कडेनंही पांढरं दिसायला लागलं, तेव्हा आणखी मोठी. असं करत करत मी शर्टाच्या बटणाएवढ्या टिकलीवर आले, आणि त्याच्याही पुढे गेले. बाजारात टिकल्या विकणारी बाई मला ओळखून होती. एकदा म्हणाली, "अम्मा, इससे बड़ी तो अब दुर्गा जी वाली आती है. नवरात्र में आना."

हे घरी म्हणायचे, "निवडणुकीला उभी राहून राहिली का?" आणि एकदा, थोडं गंभीर होऊन, "अगं, रंग उडाला तर वरून दुसरा हात मारायचा नसतो. आधी खाली काय झालं ते बघतात. आम्ही तर डब्यालाही तसं करत नाही."

मी म्हटलं, "मी काय डबा आहे का?"

तिथेच तो विषय संपला. तीस वर्षं पेंट बघितलेल्या माणसाचं ऐकलं असतं तर, पण नवऱ्याचं ऐकायची आमच्यात पद्धत नाही.

भीती कशाची होती, तेही सांगते. माझ्या आईची धाकटी बहीण, माझी मावशी, तिला कोड होतं. हातांवर, ओठांवर, मग मानेवर. तिचं लग्न झालं नाही. घरात तिची जर्मनची थाळी वेगळी होती, ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. ती थाळी वेगळी घासायची, वेगळी पालथी घालायची. कुणी तिला टाकून बोलत नव्हतं, मारत नव्हतं. फक्त थाळी वेगळी. मी लहान असताना तिच्या मांडीवर बसायला गेले की आजी हाक मारायची, "इकडे ये, तिला काम आहे." तिला काही काम नसायचं. ती बोरं आणायची आणि माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवून बाजूला व्हायची. मी उचलून खायची. ह्याचं मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता वाटतं, आणि आता ती नाही.

तर मुगाएवढं पांढरं दिसल्यावर मला कपाळ दिसलं नाही, ती थाळी दिसली.

आता नातीकडे येते. मुलाची बदली सारखी बाहेर, त्यामुळे सून आणि नात आमच्याजवळच असतात. क्वार्टर सोडून आम्ही जवळच तीन खोल्यांचं घर केलं आहे. सून शाळेत शिकवते. नात पंधरा वर्षांची, दहावी झालेली, माझी मराठी सगळी कळते पण उत्तर हिंदीत देते. मीही आता तिच्याशी अर्धं-अर्धं बोलते, कुणाकुणाला सुधरवणार.

इकडे उन्हाळ्यात पोरी स्कूटीवर निघतात त्या तोंडाला दुपट्टा गुंडाळून आणि कोपरापर्यंत पांढरे हातमोजे घालून. रंग काळवंडू नये म्हणून. आमचीही आईच्या मागे बसून कोचिंगला जाताना घालायची. एप्रिल गेला. मेमध्ये माझ्या लक्षात आलं की ही घरातही हातमोजे काढत नाही. वरण-भात चमच्यानं खाते. भाकरी केली की भूक नाही म्हणते.

सून म्हणाली, "आई, आजकालच्या मुलींचं असंच असतं. कॉम्प्लेक्शन जपतात."

मी एका दुपारी तिला खिचडी वाढली आणि म्हटलं, हातानं खा. तिनं चमचाच उचलला. मी हातमोज्याचं टोक धरलं, तिनं ओढून नाही घेतला हात. बोटांच्या पेरांवर पांढरं. कोपरावर एक मोठा, नकाशासारखा. ओठाच्या कोपऱ्यात बारीकसा, त्यावर क्रीम थापलेली.

"कब से?"

"फरवरी से." मग म्हणाली, "आजी, हमारे घर में तो किसी को नहीं है. मुझे ही क्यों हुआ?"

मी तिच्यासमोर बसले होते. कपाळावर कोटाच्या बटणाएवढी टिकली. आणि माझ्या तोंडातून निघालं, "होईल बरं." बस, एवढंच.

दवाखान्यात आम्ही तिघी गेलो. चामडीच्या रोगांची डॉक्टरीणबाई, वयानं माझ्या सुनेएवढी, डोळ्यांखाली काळं, बोलून बोलून घसा बसलेला. बाहेर पन्नास माणसं तरी ताटकळलेली. तिनं खोलीतला दिवा घालवून एक निळसर दिवा नातीच्या हातावर धरला. डाग चुन्यासारखे चमकले. मग दिवा लावून तिनं विचारलं, "घर में किसी को है? नाना-नानी, दादा-दादी, कोई रिश्तेदार?"

सून म्हणाली, माझ्या माहेरी कुणाला नाही. आणि माझ्याकडे बघितलं. नातीनंही बघितलं.

मी म्हटलं, "हमारे यहाँ भी नहीं."

एका वाक्यात मी दोनदा खोटं बोलले. एक माझं, एक मावशीचं. मावशी तर त्या क्षणी खरंच आठवली नव्हती असं मी स्वतःला पुढे बरेच दिवस सांगत होते.

डॉक्टरीणबाईनं समजावून सांगितलं, ते मला आवडलं, म्हणून लिहून ठेवते. आपल्या चामडीच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी रंगपेशी असतात. त्यांना हात फुटलेले असतात म्हणे, झाडाच्या फांद्यांसारखे. त्या रंग तयार करतात आणि त्या हातांनी शेजारच्या पेशींना वाटतात. तो रंग छत्रीसारखा, ऊन आत जाऊ देत नाही. काळ्या माणसात आणि गोऱ्या माणसात या पेशी जवळजवळ सारख्याच असतात. कुणाच्या जास्त रंग करतात, कुणाच्या कमी, एवढाच फरक. हे ऐकून मला आमच्या नणंदबाई आठवल्या. माझ्या काळेपणावरून त्यांनी मला जे ऐकवलं त्याची वही झाली असती, आणि आतमध्ये दोघींचं सामान एकच.

नातीचं असं झालं होतं की शरीराचे जे राखणदार असतात, रोगजंतूंशी लढणारे, तेच चुकून या रंगपेशींवर उलटले होते. लागण होत नाही, शिवल्यानं होत नाही, दूध-मासे एकत्र खाल्ल्यानं होत नाही. तिनं थायरॉईडची रक्ततपासणी लिहून दिली, कारण तेच राखणदार कधी तिकडेही वळतात. लावायला मलम दिलं. आणि आठवड्यातून दोनदा येऊन खास ट्यूबलाइटींच्या कपाटात उभं राहायचं, डोळ्यांवर काळा चष्मा लावून. कित्येक महिने.

सुनेला उन्हाळ्याच्या सुट्टीतही ट्यूशन असतात, शाळा उघडली की शाळाही. म्हणून दवाखाना माझ्या वाट्याला आला. सोमवार, गुरुवार. घरून ई-रिक्षा, मग मेट्रो, मग परत ई-रिक्षा, मग नंबर, मग बाकावर बसणं. माझे गुडघे तिसऱ्या आठवड्यातच बोलायला लागले. उजेडाचं काम दोन-चार मिनिटांचं, त्यासाठी अर्धा दिवस. जूनचं ऊन. नात शेजारी बसून मोबाईल बघायची, हातमोजे घातलेले. आम्ही फार बोलत नव्हतो. थकलेली माणसं कुठे बोलतात.

असंच एका गुरुवारी तिनं मोबाईलवरून मान वर न करता सांगितलं, "आजी, मैं जुलाई से स्कूल नहीं जाऊँगी. ओपन से इंटर कर लूँगी. फॉर्म निकाल लिया है." इंटर म्हणजे इकडची अकरावी-बारावी; ओपनमधून केली की घरी बसून नुसती परीक्षा द्यायची.

"का गं? शाळेत कुणी बोललं का?"

"कोई कुछ नहीं बोलेगा. बस मेरे बगल में कोई बैठेगा नहीं. तो मैं ही अलग हो जाती हूँ न. किसी को दिक्कत नहीं होगी."

ती रडत नव्हती. फार शहाणपणानं बोलत होती. आणि मला पुन्हा ती जर्मनची थाळी दिसली. मावशीला ती दुसऱ्यांनी दिली होती. ही पोर स्वतःच आपली घेऊन, वेगळी घासून, पालथी घालून ठेवत होती. कारण तिला वाटत होतं की घरात ती पहिलीच आहे आणि एकटीच आहे.

मला वाटलं त्याच बाकावर सांगावं. नाही जमलं. शेजारी एक माणूस पाय खाजवत बसला होता, म्हटलं याच्यासमोर कशाला. कारणं काय, सापडतातच.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईला दाखवायचं होतं. तिनं कोपर बघितलं, रक्ताचा रिपोर्ट बघितला, तो ठीक होता. काही लिहायला लागली. मी खुर्चीत बसल्या बसल्या कपाळावरची टिकली नखानं उचलली आणि काढली. तिच्या टेबलाच्या कडेला चिकटवली, आरशाला चिकटवायची तशी, हाताची सवय. मग चष्मा नीट केला.

"डॉक्टर साहब, मैंने उस दिन झूठ बोला था."

नात माझ्या कपाळाकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

डॉक्टरीणबाई उठून आली, माझी हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वळवलं. खोटं का बोललात ते न विचारता तिनं विचारलं, की डाग आणखी कुठे आहे का. नाही. टिकली रोज? रोज. रात्रीही? रात्रीही. आणि डाग दिसल्यावर काय केलं?

"बड़ी वाली लगाने लगी."

तिनं डोळे मिटले, क्षणभर. चिडली नाही, चिडायला तिलाही ताकद नसावी. म्हणाली, अम्मा, हे तुम्हाला टिकलीच्या गोंदानं झालं आहे. काही चिकटवायच्या टिकल्यांच्या गोंदात असं रसायन असतं की ते रंगपेशी मारतं. जिथे गोंद, तिथे डाग. तुम्ही गोंद वाढवत गेलात, डाग वाढत गेला. वेळेवर काढली असती तर मुगाएवढ्यावरच थांबला असता बहुतेक.

पंधरा-सोळा वर्षं मी ज्यानं झाकत होते त्यानंच वाढवत होते. मला हसू आलं आणि लगेच फार थकल्यासारखं झालं.

"तो इसको मुझसे नहीं आया?" मी विचारलं.

"यह वाला तो नहीं." मग तिनं पेन उचललं. "घर में और किसी को था, सच-सच?"

तेव्हा मी मावशीचं सांगितलं. हात, ओठ, मान. तिनं कागदावर लिहून घेतलं. म्हणाली, हे मात्र नातीसारखंच वाटतं, घराण्यात कल असू शकतो, पण असला म्हणजे होतोच असं नाही आणि दोष तर कुणाचाच नाही. मला टिकली बंद, त्या जागेला ऊन लागू द्यायचं नाही, कारण तिथे छत्री नाही. केसांची काळी मेहंदीही बंद, त्यातही कधी अशीच रसायनं असतात. मी विचारलं, केस पांढरे होतात तेही रंगपेशींमुळेच का? ती म्हणाली, हो, केसांच्या मुळाशी असतात, वय झालं की थकतात, संपतात. मी म्हटलं, त्यांचं बरं आहे.

परतताना नात ई-रिक्षात समोरच्या बाजूला बसली, माझ्या शेजारी नाही.

"आपने झूठ क्यों बोला?"

"भीती वाटली."

"किसकी?"

मी विचार केला आणि खरं तेच सांगितलं. "तुझ्या आईची."

ती हसली नाही. चार दिवस माझ्याशी बोललीच नाही. तो तिचा हक्क होता. सुनेला मीच सांगितलं. ती भाजी चिरत होती, चिरतच राहिली. मग म्हणाली, "मला सांगायचं होतं ना आई. मी काय केलं असतं?" मी शेजारी बसून कोथिंबीर निवडायला घेतली. संध्याकाळी तिनं उन्हात लावायच्या मलमाची ट्यूब माझ्या चष्म्याच्या घराशेजारी ठेवली आणि टिकल्यांची सगळी पाकिटं घरातून नाहीशी झाली. तिची स्वतःचीही.

कपाळ मोकळं, आणि महिन्याभरात केसही मुळाशी पांढरे. समोरच्या चाची गावाहून परतल्या, मला दारात बघितलं आणि गेटमध्येच थबकल्या. मग डोळ्याला पदर लावत आत आल्या. "बहनजी, हमें खबर तक नहीं दी." मला कळेपर्यंत त्या माझे हात हातात घेऊन बसल्याही होत्या. आतून हे बनियनवर आले, रिमोट हातात. म्हणाले, "भाभीजी, मैं अभी हूँ. चाय पीकर जाइए." चाची लाजल्या, चहा प्यायल्या, आणि जाताना मला हळूच म्हणाल्या की काहीतरी लावत जा, अपशकुन असतो. हे म्हणाले, माझं मी बघून घेईन.

नात दारामागून ऐकत होती. ती तेव्हा पहिल्यांदा हसली, आवाज आला मला.

त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि मावशीचं नाव विचारलं. मी सांगितलं. कित्येक वर्षांनी ते नाव माझ्या तोंडी आलं. थाळीचं सांगितलं, बोरांचंही सांगितलं. ती म्हणाली, "और आप? आप उनके पास नहीं गईं?"

"नाही."

"बड़ी होकर भी नहीं?"

"नाही गं."

काही गोष्टींना होईल बरं म्हणता येत नाही.

सोमवार-गुरुवार चालूच आहेत. मेट्रोत एकदा एका बाईनं मला जागा दिली आणि फार दयेनं विचारलं, "माताजी, बाबूजी कब गुज़रे?" मी तोंड उघडायच्या आत नात म्हणाली, "नहीं गुज़रे, आंटी. घर पर मैच देख रहे हैं. आजी को बिंदी के गोंद से हुआ है, मुझे अपने आप हुआ है." आणि हातमोजा काढून हात दाखवला, तिकीट दाखवावं तसा. बाईनं बघितलं, मग तिनंही आपली टिकली चाचपली. नातीनं हातमोजा पिशवीत टाकला. मी बघितलं तर म्हणाली, गरम होत होतं.

कोपराच्या डागात आता तपकिरी ठिपके उगवले आहेत, तिळाएवढे. डॉक्टरीणबाई म्हणते, केसांच्या मुळाशी थोड्या रंगपेशी शिल्लक असतात, त्या तिथून वर येतात. म्हणून जिथे लव आहे तिथे रंग परततो. बोटांच्या टोकांना आणि ओठाला लव नाही, तिथलं कठीण आहे, हे तिनं खोटा धीर न देता सांगितलं. माझ्या कपाळाचंही काही खरं नाही, फार वर्षं झाली.

ओपनचा फॉर्म बरेच दिवस टीव्हीखाली पडला होता. हे त्यावर चष्मा ठेवायचे. त्याची शेवटची तारीख तशीच गेली. जुलैत शाळा उघडली तशी ती गेली. सकाळी आईच्या मागे बसते तेव्हा हातमोजे असतात, शाळेच्या गेटवर काढते म्हणाली. काढते की नाही, मला माहीत नाही. बघायला मी जात नाही, गुडघे नाही म्हणतात, आणि तिनं सांगितलं तेवढं मला पुरे.

जेवते मात्र हातानं. काल गावाकडून आलेल्या पिठाची ज्वारीची भाकरी केली होती. तिच्या ताटातली संपली, तर डब्यातली न घेता तिनं माझ्या ताटातली तोडून घेतली, न विचारता, आणि त्याच हातानं माझी अर्धी चटणीही नेली.